हळदीकुंकू बदक आणि आमची ही

अविधवा नवमीला कावळा पानाला शिवला नाही, तिथून हे प्रकरण सुरू झालं. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तो टाकीवर बसून दुसरीकडेच बघत राहिला. अन्न टाकवेना, म्हणून पान घेऊन मागच्या तळ्यावर गेलो. तिथलं एक रानबदक पुढे आलं आणि वडा गिळून मोकळं झालं. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल ठिपके; त्या जातीला हळदीकुंकू बदकच म्हणतात.

बरोबर आलेली शेजारीण ओरडली, "अगंबाई! काका, काकूच आल्या!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ही गेल्यापासून माझ्याकडे कुणी इतक्या आदराने पाहिलं नव्हतं. मी डोळे पुसले.

झालं! आठवड्याभरात तळ्यावर पितरांची पंगत बसली. कुणी पाव आणला, कुणी खारी, कुणी गाठिया. सोसायटीने बाक टाकला. बदकं गवताचं बी, पाणवनस्पती, किडे शोधायचं सोडून आमच्या चपलांचा आवाज ओळखू लागली. पाण्यावर तेलाचा तवंग आला. मग त्यांच्या एका पिल्लाचा पंख मोडक्या छत्रीसारखा बाहेर वळला.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं. "पाव-फरसाणावर वाढलंय. वाढत्या वयात असलं खाणं मिळालं की पंख वाकतो. आधी आणलं असतं तर पट्टी बांधून सरळ झाला असता. आता हे उडणार नाही."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. "माझी बायको बदक नव्हती."

"आपकी नहीं होगी, काका," सेक्रेटरी म्हणाले. "हमारी बा को गाठिया बहुत पसंद था."

मी शेवटचा पुरावा काढला. "हिने जन्मात मैदा खाल्ला नाही. ती असती तर तुमची खारी तुमच्याच अंगावर फेकली असती."

सगळे गहिवरले. "अगदी तश्शाच होत्या हो काकू," शेजारीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर ब्राऊन ब्रेड आला.

बाकीची बदकं उडून गेली. ते पिल्लू तेवढं राहिलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्याच्यासाठी मूठभर भिजवलेलं, टरफलासकटचं भात आणि चिरलेला पाला नेतो आणि बाकावर बसून लोकांचे पाव काढून घेतो. येणारे-जाणारे म्हणतात, "बघा, अजून बायकोला भरवतायत."

मी त्यांच्याही हातातला पाव काढून घेतो. पाला मात्र अगदी बारीक चिरतो. हिच्यासाठी कधी चिरला नव्हता.