दाराबाहेरचा कॅमेरा

माझ्या मेहुण्यांनी मला मारलं ते सटाण्याकडच्या त्यांच्या कांदाचाळीत. मी तेव्हा ट्रकवर गोण्या चढवायला जायचो. त्यांची बहीण तिथं कांदा निवडायला बसायची, आणि आमचं जमलं होतं. तिघं भाऊ. त्यांनी दार लोटून घेतलं. एकानं माझे हात मागं धरले, दोघांनी फावड्याच्या दांड्यानं मारलं. माझे दोन दात तिथल्या मातीत पडले. बरगडी मोडली, ती अजून थंडीत दुखते. शेवटी थोरला छातीवर बसला आणि गळा दाबायला लागला. माझी लघवी झाली.

तेव्हा दारावर लाथ बसली आणि ती आत आली. पदराच्या टोकात दोन किलोचं लोखंडी वजन बांधलेलं. पहिला फटका थोरल्याच्या कानावर. तो आडवा झाला. दुसरा मधल्याच्या मनगटावर, हाड मोडलेलं मी ऐकलं. धाकट्यानं तिचे केस धरले, तर तिनं त्याच्या अंगठ्याचा असा चावा घेतला की तो गुरासारखा ओरडला. मग माझ्यापुढं उभी राहिली. तोंडाला रक्त. म्हणाली, "हाऊ माना शे. आते कोन मारस ते देखस मी."

हा माझा आहे, आता कोण मारतो बघते. त्यानंतर आम्ही नाशिकला आलो. गंगापूरच्या बाजूला गुलाब लावला, झेंडू लावला, जन्मभर बाजारात फुलं विकली. मागच्या थंडीत ती भाकरी थापता थापता पडली आणि गेली.

नंतर एक पोरगा घरी आला. त्याची आई हिच्याकडून फुलं घ्यायची, आमची गोष्ट त्यानं आईकडून ऐकलेली. म्हणाला, पिक्चर काढतो. कंपनी वगैरे काही नाही. आठ-दहा पोरं, भाड्याचा कॅमेरा, दिवे नाहीत. असेल त्या उजेडात घ्यायचं. नटांना बोलणं पाठ करायला द्यायचं नाही. गोष्ट एकदा सांगायची, मग म्हणायचं, "आता जगा." एक शॉट एकदाच. दुसऱ्यांदा केलं की खोटं होतं म्हणे.

"गाणं नाही, मिठी नाही," मला म्हणाला. "प्रेम दाखवायचं नसतं, बाबा. त्याच्या आजूबाजूचं दाखवायचं."

मला पटलं. आम्ही काय बागेत हिंडलो होतो? त्यानं माझ्याच वावरात एक सीन घेतला. पोरगा-पोरगी गुलाबाच्या जुड्या पेपरात बांधतात. ती त्याच्या बोटातला काटा दातानं काढते आणि थुंकते. बस, एवढंच. मला तिथून उठून जावं लागलं. काम येतं पोराला, खोटं कशाला बोलू?

मग मारामारीचा दिवस आला. वावराच्या कडेला माझी छोटी कांदाचाळ आहे, तिथंच घ्यायची होती. बघतो तर यानं कॅमेरा दाराबाहेर लावलेला.

"आत मारतात, आपण फक्त ऐकायचं. मुलगी बाहेर उभी राहून रडते. तिचा चेहरा, बराच वेळ."

"ती रडली नाही. ती आत आली."

"माहितेय, बाबा. पण मारामारी दाखवली की लोक मारामारीच बघतात. प्रेम राहून जातं."

"अरे भाड्या, तेच तर प्रेम होतं!"

"लोक हसतील. बाई वजन फिरवत येते, तिघांना लोळवते. साऊथचा पिक्चर वाटेल."

"तू तुझ्या बायकोला रडव. माझीला नाही."

"माझं लग्न झालेलं नाही."

"म्हणूनच!" म्हणलो आणि त्याची गचांडी धरली. मागं रेटत नेऊन दारावर आपटला. एकदा, मग परत. शर्टाची बटणं तुटली. पोरं सोडवायला आली, त्यातल्या एकाला मी कोपर हाणलं. "सामान काढा. चाळ देत नाय."

हा खाली बसून खोकत होता. बायकोचं काम करणारी पोरगी मात्र माझ्याकडं आली. पुण्याची, नाजूक. "बाबा, त्या आत कशा आल्या?"

मी दाखवलं. गाठ कशी मारायची. वजन डोक्यावरून नाही फिरवायचं, आढ्याला अडकतं, खालून आणायचं. बोलणंही सांगितलं. ती पुटपुटत राहिली, "देखस मी, देखस मी."

डायरेक्टर बघत होता. शर्ट झटकून उठला. "कॅमेरा बाहेरच राहील," मला म्हणाला. आणि तिला म्हणाला, "तुला रडू आलं तर रड. नाही आलं तर तुझं तू बघ. जगा."

आत दांडा गोणीवर पडायला लागला. पोरगी दारापाशी उभी. तिचे डोळे भरले. मी म्हणलो, गेली ही. तेवढ्यात तिनं नाक पुसलं, शूटिंगच्या तराजूतलं थर्माकोलचं काळं रंगवलेलं वजन पदरात बांधलं आणि दाराला लाथ घातली. आत काय झालं ते दिसलं नाही. फक्त किंकाळ्या, आणि मग धाकट्याचं काम करणारा पोरगा नाक धरून बाहेर आला. खरं रक्त, दोन्ही हात भरलेले.

"आयला, कोपर काय हाणते ही!" तो म्हणत होता, आणि हसत होता.

डायरेक्टर त्या रक्ताकडं बघत दाराशी गेला. मग म्हणाला, "परत. कॅमेरा आत घ्या."

"सर, आपण दुसरा घेत नाही," कॅमेरावाला म्हणाला.

"आज घेतो."

मला आत खुर्ची दिली. माझं काम करणारा पोरगा मातीत झोपला. थोरला त्याच्या छातीवर बसला आणि गळ्याला हात लावला. अजून सुरूही झालं नव्हतं. ज्यासाठी मी भांडलो तेच माझ्यानं बघवेना. उठलो, बाहेर आलो, दार लोटलं.

ती पोरगी बाहेर तयार उभी होती. माझ्याकडं बघितलंही नाही. आतून दांड्याचे आवाज सुरू झाले, पोरगा कण्हायला लागला. मी कुडाला धरून उभा. ती माझ्या अंगाला घासून गेली आणि लाथ मारून आत घुसली. आदळआपट, शिव्या. मग तिचा आवाज, पुण्याच्या सुरात, पण शब्द तेच: "हाऊ माना शे."

मी टोपी काढून तोंड पुसलं.

डायरेक्टर घामानं भिजून बाहेर आला. "बाबा, या, स्क्रीनवर बघून घ्या."

"नको."

"अहो, तुमच्यासाठीच तर—"

"दिसली का ती?"

त्यानं मागं वळून आत बघितलं. "दिसली."

"मग ते ठेव. आणि त्या पोराच्या नाकाला बर्फ लाव, सुजतंय."