वहीतला गुरू

आमच्या विद्यापीठात पीएच.डी.चा प्रबंध जमा करण्याआधी तो ग्रंथालयातल्या एका सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. मजकूर दुसऱ्या कुणाचा निघाला की तो लाल होतो. तपासणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "दीदी, ई त पूरा चैप्टर लाल हौ."

तिसरं प्रकरण, म्हणजे माझ्या सगळ्या कामाचं सार. खाली मूळ स्रोत दिला होता: एका मानाच्या जर्नलमध्ये नुकताच आलेला लेख. लेखक माझे मार्गदर्शक, एकटेच. माझी वाक्यं, माझा क्रम, मी काढलेली तुलना. अगदी शेवटी, आभारांत, माझं नाव होतं: पोथ्यांचे फोटो मिळवण्यात साहाय्य केल्याबद्दल. लिहिलं मी आणि चोरही मीच ठरले. खुलासा दिल्याशिवाय प्रबंध जमा होणार नव्हता.

साहाय्य! हा शब्द आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

काशीतल्या मराठी घरांत अंत्येष्टीची जी पोथी चालते, तिच्यातल्या दोन ओळी मूळच्या नाहीत. कुणीतरी समासात टीप लिहून ठेवली होती, पुढच्या नकलकारानं ती मजकुरात ओढली, आणि आज त्या ओळी मणिकर्णिकेवर बिनदिक्कत म्हटल्या जातात. हे मला सापडलं ते घरोघरी हिंडून. अहिल्याबाई घाटामागच्या गल्ल्या, अमृतराव घाटाजवळची घरं, जिथे कपाटात जुनी पोथी आहे असं कळलं तिथे गेले. फोनवर विचारलं तर कुणी दाद देत नाही. जाऊन बसावं लागतं, काकूंना भाजी चिरून द्यावी लागते, 'लग्न कधी करणार' हे हसून ऐकावं लागतं. एका घरी बायकांनी पोथीला शिवायचं नव्हतं. तिथले आजोबा पानं उलटायचे आणि मी हातभर लांबून उतरवून घ्यायचे. सर यांतल्या एकाही घराची पायरी चढले नव्हते. गल्लीत बुटांना शेण लागतं, असं त्यांचं म्हणणं.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. त्यांना काही वाटलं असेल तर ते चेहऱ्यावर दिसलं नाही. "बेटा, आभार में नाम दिया तो है," ते म्हणाले. "लिख दो कि ये हिस्सा मेरे पेपर से लिया है. बात ख़त्म."

बात ख़त्म झाली नाही. त्या जर्नलच्या संकेतस्थळावर नीतिमत्तेचं एक लांबलचक पान आहे. ज्यानं काम केलं तोच लेखक, दुसऱ्याचं श्रेय घेणं हा गैरप्रकार, प्रत्येक तक्रारीची निःपक्ष चौकशी. मी भाबडी, अक्षर न् अक्षर वाचलं आणि खरं मानलं. संपादकांना तक्रार पाठवली, सोबत माझ्या वह्यांचे तारखांसकट फोटो.

तिथेच माझं चुकलं. त्याच वह्यांच्या झेरॉक्स मी सरांना तपासायला दिल्या होत्या, आणि त्यांनीही त्याच पाठवल्या. त्यांचा पुरावा म्हणून!

हे समजायला आमचं घर माहीत हवं. बाबा वैदिक, पिढीजात काशीकर. लहानपणी त्यांच्यासमोर बसून शिकताना मी कधी 'मला वाटतं' असं लिहिलं, तर ते खोडायला लावत. स्वतःला काही सुचलं तरी ते गुरूच्या नावावर घालायचं आणि शेवटी लिहायचं 'इति गुरवः', म्हणजे असं गुरुजी म्हणतात. ती सवय हाताला इतकी जडली की प्रबंधाच्या वहीत मी प्रत्येक निष्कर्षाखाली तेच लिहीत गेले. संपादकांनी कळवलं की हे निष्कर्ष गुरूंचे असल्याचं विद्यार्थिनीनं स्वतःच्या हस्ताक्षरात मान्य केलं आहे.

आता बाबांचं पत्र हवं होतं. ही आमच्या घरची लिहिण्याची रीत आहे, एवढंच त्यांनी लिहून द्यायचं होतं. ते म्हणाले, "गुरूच्या विरुद्ध मी कागद करणार नाही. सर म्हणतात ते लिहून मोकळी हो. बेकार झगडा कशाला?"

"तुमच्या या रीतीनंच माझा गळा कापलाय, बाबा!" मी ओरडले. त्यांच्यावर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी पूजा आटोपून ते माझ्या टेबलाशी आले. "तुझ्या सरांनी यातली एक तरी पोथी हातात घेतली होती?"

"नाही."

"मग पोथी वाचायला तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"कागद दे."

त्यांनी लिहिलं: 'माझ्या मुलीच्या वहीतला गुरू मी आहे. तसं लिहायची सवय तिला मी लावली. जन्मभर ही पोथी म्हणत आलो, पण त्यातल्या दोन ओळी मागाहून घुसल्या आहेत हे मला कळलं नाही. ते तिनं शोधलं.' तिसऱ्या वाक्यापाशी त्यांचा हात बराच वेळ थांबला होता. सगळी काशी ज्यांना पाठ विचारायला येते त्या माणसानं हे लिहून दिलं. मी इंग्रजीत भाषांतर करून मूळ पत्रासह पाठवलं.

उत्तर चार ओळींचं आलं. नीतिनियमांनुसार पत्र विचारात घेता येत नाही, प्रकरण बंद. ग्रंथालयात माझं तिसरं प्रकरण अजून लाल आहे.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"तुमचं पत्र चालत नाही."

"खोटं आहे म्हणतात?"

"नाही. तुम्ही माझे बाबा आहात म्हणून. जवळच्या माणसाची साक्ष घेत नाहीत."

बाबा म्हणाले, "आणि हा संपादक तुझ्या सरांचा कोण?"

"शिष्य," मी म्हटलं. "त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. झालेला."