नानांचं रविवारचं विधेयक

नाना पाच मिनिटं एका जागी बसलेले मी कधी पाहिले नाहीत. खासदार होते, पण नारायण पेठेतल्या त्यांच्या कचेरीतली खुर्ची कायम रिकामी. मजकूर सांगायचा तोही येरझाऱ्या घालत. मी त्यांची टंकलेखिका. एक वाक्य खिडकीपाशी ऐकू यायचं, पुढचं थेट जिन्यातून. "अहो नाना, बसा की जरा, माझी मान अवघडली," म्हटलं तर उत्तर तयार. "बाई, बसायला पुण्यात माणसं कमी आहेत का?"

लोकसभेत त्यांचा धाक होता तो कोरमचा. दहावा हिस्सा सदस्य हजर नसले तर कामकाज चालवता येत नाही, असा नियम. नाना डोकी मोजायचे आणि संख्या कमी भरली की ताडकन उठायचे. घंटा वाजायची, हातातला चहा टाकून मंडळी धावत यायची. त्यांच्या पक्षाचे लोकही वैतागत. "रिकाम्या बाकांपुढे बोलायला ही काय नाटकाची तालीम आहे?" नाना म्हणायचे.

प्रश्न तर ते ढिगानं विचारत, रेशनच्या रॉकेलपासून अंगणवाडीच्या खिचडीपर्यंत. पण जीव अडकला होता एका खासगी विधेयकात, म्हणजे सरकारनं नव्हे, खासदारानं स्वतः मांडायच्या कायद्यात. त्याला कारण हौसाबाई. पुण्याबाहेरच्या मांजरी गावाहून येऊन त्या आमच्या बोळातल्या पाच घरी धुणंभांडी करायच्या, नानांचं घर त्यातलंच. एकदा भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "नाना, तुमच्या दिल्लीला बी रविवारी सुट्टी हाय. मलाच कशी न्हाई?" नाना त्या दिवशी धड जेवले नाहीत. घरकाम करणाऱ्या बायकांना आठवड्याची हक्काची सुट्टी, असं विधेयक त्यांनी लिहायला घेतलं. मी ते इतक्यांदा टाइप केलं की झोपेतही कलमं म्हणून दाखवली असती.

खासगी विधेयकांना शुक्रवारची दुपार, तीही चिठ्ठीत नंबर लागला तर. वर्षं गेली आणि एकदाचा लागला, दुसरा. नानांनी मला आणि हौसाबाईंना दिल्लीला नेलं. नवं लुगडं नेसून हौसाबाई प्रेक्षकांच्या सज्जात बसल्या.

पहिल्या विधेयकावर कुणी सदस्य बोलत होते, ते काही केल्या संपवेनात. खाली नानांची चुळबुळ सुरू झाली. मग मान इकडून तिकडे फिरायला लागली. मोजताहेत! शुक्रवार दुपार, निम्मे सदस्य आपापल्या गावी निघालेले. अहो नाना, आज नको हो, असं मी मनात ओरडतेय, तोवर नाना उठले. "अध्यक्षमहोदय, कोरम नाही." घंटा वाजत राहिली, कुणी आलं नाही. कामकाज तहकूब झालं. आपण काय करून बसलो ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं. सगळे गेले तरी ते तसेच उभे होते.

"नाना उठलं की वो. झाला का आमचा कायदा?" हौसाबाईंनी विचारलं. मला रडू आवरेना.

परतीच्या गाडीत नानांनी त्यांना सरळ सांगितलं, "माझ्या खोडीनं तुमचा घात झाला." पुढे लोकसभाच बरखास्त झाली, विधेयक बुडालं, आणि नानांना पुन्हा तिकीट मिळालं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी मी पत्रं घेऊन नानांकडे गेले, तर ते दारातच हौसाबाईंना अडवून उभे. "आजपासून रविवारी यायचं नाही. भांडी मी घासेन."

"नाना, एका घरानं रविवार व्हतोय व्हय?" हौसाबाई म्हणाल्या. "बाकीची चार घरं हायतच की. मांजरीहून यावंच लागतंय."

नानांनी पायात चपला सरकवल्या. "चला, एकेकाला आत्ता विचारतो. पहिलं घर कुठलं?"

हौसाबाईंनी मान खाली घातली. नाना माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा बाई. कुणाचं?"

लाजेनं माझे कान तापले होते.

"माझं," मी म्हटलं.