बूट पायातच होते

कर भरून देणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात मी दाराशी बसतो. शाळा दुसरीतच सुटली, त्यामुळं तिथल्या कागदांवरची फक्त धूळ मला कळते.

काल एका जवानाची बायको आली होती. नवरा गस्तीवरून छावणीत परतला आणि खाटेवर बसल्या बसल्या गेला.

साहेब म्हणाले, "वहिनी, कामगिरीवर असताना गेले असते, तर तुमच्या पेन्शनला कर माफ होता. पण कागदावर 'छावणीत' लिहिलंय."

"बूट पायातच होते हो," ती म्हणाली. "त्यांच्या दोस्तानं सांगितलं. काम संपल्याशिवाय ते बूट काढायचेच नाहीत."

साहेबांनी फॉर्म वरखाली पाहिला. बुटांचा रकाना कुठंच नव्हता. "पलटणीतून तसं लिहून आणा," एवढंच म्हणाले.

मी स्टुलावर अर्धा पेंगत ऐकत होतो. दमलेला माणूस बसला की त्याचं काम संपलं, हे कोण ठरवतं कुणास ठाऊक. मी असा बसल्या बसल्या गेलो, तर लोक म्हणतील, बिचारा ड्युटीवर गेला. माझं काम कुठलं आणि झोप कुठली, हे माझ्या बायकोलाही सांगता यायचं नाही.

ती निघाली. दार उघडायला उठलो, तर माझ्या चपला स्टुलाखाली. आधी त्या घातल्या, मग दार उघडलं.