आप्पांच्या विमानातली दुसरी सीट

विमान बनवायला आम्हाला सात वर्षं लागली. किस्से मात्र पहिल्या आठवड्यापासून तयार व्हायला लागले, आणि त्यांना दिल्लीहून परवानगीसुद्धा आणावी लागली नाही! आता जमलो की आधी चहा येतो, मग कुणीतरी म्हणतं, "ते कुरडयांचं सांग ना!" झालं, संध्याकाळ गेली.

आम्ही म्हणजे चौघं. आप्पा आमचे म्होरके. विमानाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. कॅप्टनसाहेब हवाई दलातून रिटायर झालेले वैमानिक, इंदिरानगरात आप्पांच्या समोरच्याच बंगल्यात राहतात. बाळू आप्पांचा भाचा, नांदगावकडे कांदा पिकवतो. आणि मी दिलीप. अंबडला माझं लेथचं वर्कशॉप आहे. विमानातलं मला ओ की ठो कळत नाही. आप्पा माप देतील तसा तुकडा काढून द्यायचा, एवढंच माझं काम.

*

छत्तीस वर्षं आप्पांनी विमानांचे पंख जोडले, पण स्वतः कधी विमानात बसले नाहीत. नवं विमान चाचणीला वर गेलं की हे आपले जेवणाचा डबा हातात घेऊन, मान वर करून कंपाउंडमध्ये उभे. मुलाने एकदा बंगलोरचं तिकीट पाठवलं. आप्पांनी ते कॅन्सल करायला लावलं.

"तिकीट काढूनच बसायचं तर एसटी काय वाईट आहे?" म्हणाले. "मी बसेन ते माझ्या हाताने केलेल्या विमानात."

म्हणून आमचं विमान दोन सीटचं. एक चालवणाऱ्याची आणि एक आप्पांची. कागदावर पहिली रेघ मारली तीही त्या दुसऱ्या सीटचीच. तेव्हा आम्ही त्यांची खूप चेष्टा केली होती, आणि आता त्या चेष्टेची लाज वाटते.

*

इंजिन पहिल्यांदा चालू केलं ते आप्पांच्या पार्किंगमध्ये. पंख्यामागे किती वारा जातो याचा हिशेब आप्पांनी वहीत केला होता. मागे काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, चादरीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या मात्र हिशेबात आल्या नव्हत्या!

इंजिन धडाडलं, आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मागे पांढरं वादळ उठलं. दोन मिनिटांत कॅप्टनसाहेब कप घेऊन आले.

"आप्पा, ताकद भरपूर आहे. माझ्या चहात कुरडई आली."

काकू दारात उभ्या होत्या. "विमान उडेल तेव्हा उडेल," त्या म्हणाल्या, "माझं वर्षाचं वाळवण उडालं!"

त्या वर्षी कॉलनीत ज्याच्या त्याच्या गच्चीवर आमच्या कुरडया सापडत होत्या. परत कुणीच आणून दिल्या नाहीत.

*

पंख सुटे केले आणि बाळूच्या पिकअपमधून सगळं नांदगावला न्यायला निघालो. त्याच्या माळावर धावपट्टी तयार होती. वाटेत हवालदाराने गाडी अडवली.

"ताडपत्रीखाली काय आहे?"

"विमान हाय साहेब," बाळू म्हणाला.

"चेष्टा करतो का रे?"

बाळूने जरा विचार केला. "बरं, मंडपाचं सामान हाय."

"मग असं सांग ना! जा."

आप्पा घुश्शातच होते. नांदगाव येईपर्यंत एकच चालू होतं, "मंडपाचं सामान म्हणे!"

*

दसऱ्याला आम्ही विमानाची पूजा केली. झेंडूचा हार, नारळ, सगळं यथासांग. दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेब जोरात पळवून बघणार होते, म्हणजे न उडता, नुसतंच जमिनीवर. निघाले ते सुसाट, आणि अर्ध्यातच करकचून ब्रेक मारला. विमान बांधापासून दहा पावलांवर थांबलं.

"वेगाचा काटा शून्यावर आहे!" साहेब ओरडले. "मी जातोय का उभा आहे, मला कळेना!"

पंखाखाली एक बारीक नळी असते. तिच्यात वारा शिरतो आणि त्यावरून काटा वेग दाखवतो. आप्पांनी आदल्या दिवशी तिच्या तोंडावर चांगलं भरघोस गंध लावून वर अक्षता चिकटवल्या होत्या. ते रात्रभरात वाळून घट्ट झालं होतं!

साहेबांनी टाचणीने तांदूळ उकरला आणि आप्पांच्या तळहातावर ठेवला. "हेच वर गेल्यावर झालं असतं तर वेग कळला नसता. वेग कमी झाला असता तर दगडासारखा खाली आलो असतो. पूजा पंख्याची करा, चाकाची करा. भोकांची करू नका!"

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. तो तांदूळ त्यांनी पाकिटात ठेवला आहे.

*

पहिल्या उड्डाणाआधी साहेबांनी आम्हाला बसवून धोके सांगितले. सगळ्यात वाईट म्हणजे वर गेल्या गेल्या इंजिन बंद पडणं. तेव्हा मागे वळायचं नाही, वळायला गेलं की घात होतो. नाक खाली घालायचं आणि समोर जे येईल तिथे उतरायचं.

समोर बाळूचं कांद्याचं वावर होतं. त्या हंगामात त्याने तिथे कांदा लावलाच नाही.

उड्डाणाच्या सकाळी पाहतो तर वावर काळंभोर, ओलं.

"साहेब, परवा नांगारलं, काल पाणी सोडलं," बाळू म्हणाला. "लय मऊ झालंय. पडले तरी लागायचं नाय तुम्हाला!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, मऊ रानात चाक रुततं आणि विमान पालथं होतं!"

उड्डाण पंधरा दिवस पुढे गेलं. बाळूने वावर वाळू दिलं, त्यावर रोलर फिरवला. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिलीप, नोकरीत मी किती विमानं चाचणीला उडवली. माझ्यासाठी कुणी वावर रिकामं ठेवलं नव्हतं रे."

*

पंधरा दिवसांनी, उड्डाणाच्या दिवशी आप्पा हेल्मेट घालूनच आले. "मी नुसता बसतो. हलणार नाही, बोलणार नाही."

"आप्पा, चाचणीत एकानेच जायचं असतं. काही झालं तर एकच जातो."

"मग तो एक तुम्हीच का? विमान माझं आहे. चूक असली तर ती माझ्या हातची असेल."

साहेबांनी आप्पांच्या हेल्मेटचा पट्टा सोडला. "म्हणूनच तुम्ही खाली राहा. चूक सापडली तर दुरुस्त कोण करणार?"

साहेब एकटेच उडाले. विमान वर गेलं, वळलं, डोक्यावरून गेलं. बाळू नाचत होता, मी ओरडत होतो. आप्पा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. साहेब उतरल्यावर आम्ही त्यांना मिठ्या मारल्या. आप्पांनी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला, ते गरम होतं, तरी काढला नाही. मग हळूच विचारलं, "आता?"

"अजून नाही. चाचणीचे ठरलेले तास पुरे होऊ द्या."

तास पुरे होत आले आणि आप्पांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली. विमानाला साफ नकार! काकूंनी हेल्मेट माळ्यावर टाकलं. महिनाभर आप्पा माळाकडे फिरकले नाहीत, आणि त्यांच्याशिवाय आम्हालाही तिकडे जाववेना.

*

शेवटची चाचणी वजनाची होती. दोन माणसांच्या भाराने विमान कसं वागतं ते बघायचं. त्यासाठी दुसऱ्या सीटवर वाळूचं पोतं बांधून उडतात.

"किती किलोचं भरू?" बाळूने विचारलं.

इतक्यात गाडीचं दार वाजलं आणि काकूंचा हात धरून आप्पा उतरले. थेट बाळूच्या कांद्याच्या काट्यावर जाऊन उभे राहिले. एकसष्ट किलो.

पोतं त्यांनी स्वतः भरलं. शेवटी मूठ मूठ वाळू घालत, काढत, काटा बरोबर एकसष्टवर आणला. मी आणि बाळूने ते उचलून सीटवर ठेवलं. आप्पांनी त्याला पट्टा बांधला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला.

साहेब तासभर उडाले. वर गेले, वळले, लांब डोंगरापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर अंगठा दाखवून ओरडले, "आप्पा, पास!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. आप्पा सावकाश पलीकडच्या बाजूला गेले. पट्टा सोडला. पोत्यावरची धूळ झटकली, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा तसा हात ठेवला आणि वाकून विचारलं,

"काय रे, वरून कसं दिसतं?"