कापलेली टोकं

डोकं फिरतं माझं. आमची धाकटी, माझी सख्खी बहीण, प्रयोगशाळेत मेंदूचे पातळ काप करते आणि त्यातली एकेक पेशी कॉम्प्युटरवर रेखून काढते. दिवसभर शिलाई मशीन चालवून मी तिला शिकवलं, म्हणून हे सगळं मला ऐकावं लागतं.

पेशीला फांद्या असतात म्हणे, डेंड्राइट. इतर पेशींचे संकेत त्यांच्यावर येऊन पडतात. पार टोकावरचा एकटा संकेत पेशीपर्यंत येईतो मरगळतो. पण एकाच फांदीवर शेजारी-शेजारी चारपाच एकदम आले, की फांदीच उसळते आणि त्यांना पुढे ढकलते. कोणाचं म्हणणं पुढे न्यायचं, ते फांदी ठरवते. धाकटीच्या पेपरात, म्हणजे तिने छापायला पाठवलेल्या संशोधनात, मात्र उलटं होतं. तिने रेखलेल्या पेशींत फांद्या काही ठरवतच नव्हत्या, सगळे संकेत सारखेच पोचत होते. पेपर स्वीकारला गेला, त्यावर तिची नोकरी कायम व्हायची होती.

आणि ही बया जेवता जेवता म्हणते, "ताई, घोळ झालाय. फांद्या तिथे संपल्या नव्हत्या गं, काप करताना पात्याने तुटल्या होत्या. तुटलेलं टोक मी शेवट समजले. एवढ्या आखूड फांदीतून कुठलाही संकेत पोचणारच. पेपर मागे घेते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणाला कळलंय का? मग हातातोंडाशी आलेला घास कशाला घालवतेस?" मी अबोला धरला.

मग तिच्या प्रयोगशाळेच्या सरांचा फोन आला, मलाच. अगदी गोड आवाज. "पेपर मागे घ्यायचा म्हणतेय ती. तुम्ही मोठ्या आहात, समजवा तिला. कोणाला कळलंय का? कशाला हातचं घालवायचं?"

शब्द माझेच होते. त्या माणसाच्या तोंडून ऐकले आणि शिसारी आली मला.

"लाज वाटत नाही?" मी म्हणाले. "पेपरवर तुमचंही नाव आहे. खोटं खपवायला माझी बहीणच सापडली?"

"उद्यापासून कामावर पाठवू नका तिला," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

धाकटी दारातच उभी होती. तिने माझं बोलणं ऐकलं होतं; सर काय म्हणाले, ते मी सांगितलं.

"पेपर तर मी मागे घेणारच होते गं," ती म्हणाली. "पण नवे काप करून सगळं पुन्हा रेखून देते, असं उद्या त्यांना समजावून सांगणार होते. कदाचित ठेवलं असतं त्यांनी मला."