डोळे उघडून द्या

चंद्रपूरला भावाचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि दुकानाच्या पुढच्या खोलीत माझी गॅलरी. 'माझी' म्हणते, कारण भाऊ मशीनपलीकडे बघायचा नाही. एका भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत वाघ छापून लावला होता. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढून घ्यायचे आणि काम न देताच चालते व्हायचे. दुसऱ्या भिंतीवर हलते फोटो. दोन चित्रांच्या केसाएवढ्या बारीक पट्ट्या एकाआड एक छापायच्या, वर रेघारेघांचं जाड प्लास्टिक चिकटवायचं. बसून पाहिलं की एक चित्र, उभं राहिलं की दुसरं. त्यातला एक बाईचा चेहरा होता, डोळे उघडणारा आणि मिटणारा. तो मीच केला होता. आल्यागेल्याला दाखवून दाखवून मी वीट आणायचे.

एकदा पोंभुर्ण्याकडच्या गावातून एक बाई आली. घरचे लोक तलावात मासे धरणारे. उन्हातून चालत आलेली, मान खाली. दारातून आत आली ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली. पाणी प्यायली. मग कमरेच्या पिशवीतून फोटो काढला. आठ-नऊ वर्षांची मुलगी, केस नीट विंचरलेले, कपाळावर कुंकू, पाठ भिंतीला टेकवलेली, डोळे मिटलेले. तापाने गेली होती. जिवंतपणी तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. गेल्यावर बाजारातल्या फोटोवाल्याला बोलावून आणलं. आमच्याकडे कित्येक घरांत माणसाचा एकुलता एक फोटो असाच असतो.

समोरच्या भिंतीवरच्या चेहऱ्याकडे बोट करून ती म्हणाली, "बाई, त्या बाईसारके माह्या पोरीचे डोये उघडून द्या."

डोळे कसे होते, मी विचारलं.

"माह्यासारकेच."

मी तिथल्या तिथे तिच्या डोळ्यांचा फोटो घेतला आणि आठ दिवसांनी बोलावलं. आली तशीच मान खाली घालून ती गेली.

आठ दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. आईचे डोळे कॉम्प्युटरवर लहान केले, भोवतालच्या सुरकुत्या काढल्या, मुलीच्या चेहऱ्यावर बसवले. ते इतके चपखल बसले की मलाच रडू आलं. इथंच थांबायला हवं होतं. पण मला हुशारी दाखवायची खाज. मिटलेले आणि उघडे, दोन्ही छापून मी हलता फोटो केला. भाऊ म्हणाला, "काऊन येवढा कुटाणा करून राह्यली?" मी त्याला झाडलं.

ती आली आणि मागच्यासारखीच भिंतीपाशी बसली. मी फ्रेम समोर टांगली. मुलगी तिच्याकडे बघत होती. बाईच्या डोळ्यांतून नुसतं पाणी. मग पोरीच्या गालाला हात लावायला ती उठली, आणि पोरीने डोळे मिटले.

ती पुन्हा बसली. डोळे उघडले. उठली. मिटले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा तो चेहरा तिने फक्त बसून पाहिला होता. तिच्या लेखी त्या बाईचे डोळे उघडेच होते. तिने हलता फोटो मागितलाच नव्हता.

"बाई," ती आवाज न चढवता म्हणाली, "एक डाव गेली, थेच सोसून नाई राह्यलं. तुमी तर तिले घडीघडी मारून राह्यल्या."

मी गयावया केली. म्हटलं, तासभर थांबा, साधा फोटो देते, फक्त उघड्या डोळ्यांचा.

"नोको. आता कसाबी देला तरी मी उठली का थे डोये मिटन, असंच वाटन मले."

तिने जुना फोटो मागून घेतला, पदराने पुसला. "ह्याच्यात थे झोपून हाय," म्हणाली आणि पिशवीत ठेवून निघून गेली.

साधा फोटो मी तरीही छापला. पुष्कळ दिवस तिची वाट पाहिली. ती आली नाही. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आणि सगळ्यात मोठं पाप. उघड्या डोळ्यांची ती मुलगी आता फक्त मला दिसते, आणि मी तिची कोणीच नाही.